कान तुटका कप आणि वाचनालयाचा फलक

पत्र थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ 61 वर्षांचे. मुंबईत बँकेत नोकरी करून तीन वर्षांपूर्वी गावी परतले. वडील परळच्या गिरणीत होते. घरात पत्नी आणि 84 वर्षांची आई. हापूसची दीडशे कलमं आहेत. बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, राखणीला असलेलं एक नेपाळी जोडपं आणि त्यांची चार वर्षांची मुलगी राहते. गावच्या वाचनालयाने यांच्यावर एक काम सोपवलं आहे. येत्या 26 जानेवारीला 'सर्व धर्म एकच सांगतात' या मथळ्याचा फलक लावायचा आणि त्यावर दुसऱ्याशी चांगलं वागा असं सांगणारं प्रत्येक धर्मातलं एकेक वचन लिहायचं. वचनं जमवता जमवता ते स्वतःच्या घराशी येऊन अडखळले. राखणदाराला आई वेगळ्या कपातून चहा देते. तो कान तुटका कप मागीलदारी खुंटीला टांगलेला असतो आणि चहा झाला की तोच विसळून पुन्हा टांगतो. त्यांनी स्वतः त्या जोडप्याला दिवाळीच्या फराळाला घरी बोलावलं, पण ती दोघं आली नाहीत. पगार ते हंगाम संपला की एकरकमी देतात. 'हातात पैसा आला की उडतो. मला कोणी असं साठवून दिलं असतं तर मला आवडलंच असतं,' असं त्यांचं म्हणणं. यंदा जोडप्याने तो महिन्याच्या महिन्याला मागितला, आणि हा आपल्यावरचा अविश्वास आहे असं वाटून ते दुखावले. तिसरी गोष्ट शेजारच्या मुसलमान कुटुंबाची. गडग्यावरून, म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधावरून, दोन वर्षं बोलणं बंद आहे. ईदचा शिरखुर्मा येत नाही, चतुर्थीचे मोदक जात नाहीत. त्यांचा नाव कोरलेला एक स्टीलचा डबा मात्र यांच्या फडताळात पडून आहे. प्रश्न असा: 'घरात हे सगळं असताना मी तो फलक लावणं ढोंग नाही का? आणि समोरचा तसा वागत नसेल तर हा नियम एकट्याने पाळायचा का?'

नमस्कार,

फलक लावा. आधी स्वतः पूर्ण निर्दोष व्हायचं आणि मग भिंतीवर लिहायचं असं ठरवलं, तर जगातल्या सगळ्या भिंती कोऱ्याच राहतील. मथळा मात्र बदलायला हवा. तो का, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात वचनांना दोन पानं मिळाली आहेत आणि पगाराला अडीच ओळी. आपण पगारापासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा गुंता त्या अडीच ओळींत आहे.

'मला आवडलं असतं' म्हणून तुम्ही त्यांचे पैसे राखून ठेवता. वरवर पाहिलं तर तुम्ही नियम अक्षरशः पाळलात. स्वतःला जे हवंसं वाटलं तेच दुसऱ्याला दिलंत. इथेच तो नियम घसरतो, आणि ही घसरण फार जुनी आहे. नाटककार बर्नार्ड शॉने 1903 साली तिची टर उडवली होती. लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसं त्यांच्याशी वागू नका, त्यांची आवड वेगळी असू शकते, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. त्याला कुजकं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या बागेत तो नेमका तुमच्याबद्दलच बोलतोय.

यावरचं उत्तर आपल्याकडे दोन ठिकाणी एकाच शब्दात सापडतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'आत्मौपम्येन' असा शब्द आहे. बौद्धांच्या धम्मपदातल्या दण्डवग्गात 'अत्तानं उपमं कत्वा' असे शब्द आहेत. दोन्हीकडे 'उपमा'च. शाळेत अलंकार शिकवताना बाई उपमा आणि रूपक यांतला फरक घोकून घ्यायच्या. 'मुख चंद्रासारखं' ही उपमा, 'मुखचंद्र' हे रूपक. उपमेत दोन गोष्टी सारख्या असतात, पण दोन राहतात. रूपकात त्यांची एकच होऊन जाते. गीता आणि धम्मपद समोरच्याला आपल्यासारखा म्हणतात. तो 'मीच' आहे असं म्हणत नाहीत. तुम्ही त्या राखणदाराचं रूपक करून टाकलंत, म्हणजे त्याच्या जागी तुमची पेन्शन, तुमची सवय आणि तुमची काटकसर नेऊन बसवलीत. उपमा करायची तर त्याच्या जागी जायचं ते त्याच्या गरजांसकट. त्याचं घर दूर आहे, तिथे दर महिन्याला कोणीतरी पैशांची वाट पाहत असेल, इथल्या दुकानात उधारी असेल, मूल आजारी पडलं तर रिक्षाचं भाडं लागेल. यातलं नेमकं काय खरं आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. ते विचारावं लागतं.

एक साधी परीक्षा करून बघा. तुम्ही इतकी वर्षं बँकेत होतात. 'तुमच्या हातात पैसा टिकत नाही, तेव्हा तुमचा पगार आम्ही मे महिन्यापर्यंत ठेवून घेतो,' असं बँकेने सांगितलं असतं तर युनियनने दुसऱ्या दिवशी दारात ठाण मांडलं असतं. भविष्य निर्वाह निधी कापला जायचा हे खरं. पण तो तुमच्या नावावर होता, त्याला व्याज होतं आणि वर्षाला त्याचा हिशेब हातात येत होता.

जुन्या ग्रंथांत हा नियम मजुरीच्या शेजारी वारंवार सापडतो, हा योगायोग नाही. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वाक्य यहुद्यांच्या तोरा या धर्मग्रंथात, लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात, 18व्या वचनात आहे. पाचच वचनं मागे, 13व्यात काय आहे? मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नकोस. आणि त्याच अध्यायाचं 34वं वचन म्हणतं, तुमच्यात राहणाऱ्या परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होतात. इब्न माजाच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते की मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या. 1993 साली शिकागोच्या विश्वधर्म परिषदेत वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्याचा मसुदा हान्स क्युंग या धर्मशास्त्रज्ञाचा. त्यातही हा नियम सांगून झाल्यावर पुढे ज्या मूळच्या चार बांधिलक्या आहेत त्यांतली एक न्याय्य अर्थव्यवस्थेची आहे. फलकावर 18वं वचन लिहिणार असाल तर 13वंही लिहा. 34वं मात्र आधी आईंना वाचून दाखवा. तुमचे वडील परळला गेले तेव्हा तेही परकेच होते. गावच्या मंडळाच्या खोलीत एकेक ट्रंक आणि पाळीपाळीने झोपायला वळकटीपुरती जागा, हे आईंना कोणी समजावून सांगायला नको.

आता करायचं काय? शंभरपानी वही घ्या, दोन घ्या. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. दर महिन्याची एक तारीख ठरवा, त्या दिवशी पगार द्या, दोन्ही वह्यांत रक्कम लिहा आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. उचल दिली तर तीही त्याच दिवशी, तशीच लिहा. उचल तोंडी ठेवली की मे महिन्यात हमखास भांडण होतं, कारण दोघांच्याही आठवणी प्रामाणिक असतात आणि जुळत मात्र नाहीत. बायकोही काम करत असेल, म्हणजे आंबा निवडणं, पेट्या भरणं, गवत काढणं, तर तिचा पगार तिच्या नावाने वेगळा लिहा आणि तिच्या हातात द्या. त्यातला काही भाग तुमच्याकडे ठेवावा असं त्यांनाच वाटलं तर ठेवा. पण ते त्यांनी सांगायला हवं, आणि वहीत तसं लिहिलेलं हवं. नेपाळला पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ योजना 2008 पासून आहे. इथे खातं नसलेल्यालाही शाखेतून पैसे पाठवता येतात. रकमेची मर्यादा आणि कागदपत्रं तुम्ही फोन करून विचारून घ्या. बँकेतली तुमची ओळख अशा कामी येऊ द्या. उपयोग फराळाच्या ताटापेक्षा जास्त होईल.

फराळाला ती दोघं का आली नाहीत, हा अपमान धरू नका. मालकाच्या घरात, म्हाताऱ्या आईंसमोर, कुठे बसायचं हे ठाऊक नसताना चकली खाणं हा सण नसतो, ती परीक्षा असते. आणि त्यांची दिवाळी त्यांच्याकडेही असतेच. तिहार म्हणतात. दसऱ्याच्या सुमाराला दशैं, मग तिहार, आणि आपल्या भाऊबीजेला त्यांची भाईटीका. तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात. तुमच्या बागेत राखणीला कुत्रे असतील तर त्यांचाही सण झाला. पुढच्या वर्षी बोलावणं करण्याऐवजी आठवडाभर आधी विचारा, 'तुमच्याकडे कुठल्या दिवशी काय करतात? सुट्टी कधी हवी?' दशैंला ते तुमच्याकडे आलेले असतील तर भरपगारी सुट्टी आणि मांगरात त्यांना हवं ते करण्याची मोकळीक, एवढं पुरे. तुमच्याकडून फराळाचा डबा जायचाच असेल तर तो घेऊन तुम्ही मांगरावर जा. पाहुणा कोण आणि यजमान कोण हे त्याने बदलतं.

हो, आणि पत्रात 'आमचा बहादूर' तीनदा आला आहे. हे त्याचं नाव आहे का? बहुतेक नसावं. आपल्याकडे बागेवरच्या प्रत्येक नेपाळ्याला तेच नाव चिकटतं. खरं नाव विचारा, नीट उच्चारायला शिका, वहीवर तेच लिहा.

नियमाचं नकारार्थी रूप आधी पाळावं, असं माझं ठाम मत आहे. चांगलं काय करायचं याचा शोध नंतर घ्या. जे स्वतःवर ओढवलेलं चालणार नाही ते त्यांच्यावर ओढवत तर नाही ना, हे आधी पाहा, कारण ते पाहायला आवडीनिवडी विचारायची गरज नसते. मांगरात एक रात्र झोपायचं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काय मागाल? चांगली बॅटरी मागाल, कारण आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या कडेला फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. गमबूट मागाल. प्यायचं पाणी मागाल, झाकणाच्या भांड्यात, औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये नाही. संडास मागाल. फवारणीच्या दिवशी तोंडाला पंचा बांधून पंप पाठीवर घ्यायला तुम्ही तयार व्हाल का? नसाल तर त्यालाही मास्क, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, वारा अंगावर येत असताना फवारणी नको, झाल्यावर आंघोळीला साबण-पाणी हवं आणि ते कपडे मुलीच्या कपड्यांत धुतले जाता कामा नयेत. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, 108ला फोन करायचा. हे त्यांना त्यांच्या समजेल अशा भाषेत सांगून ठेवा, आणि जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं ते आत्ताच विचारून मांगराच्या दाराला लिहून लावा. मुलगी चार वर्षांची आहे, तिला अंगणवाडीत घाला. 'कागदपत्रं नाहीत' म्हणून सेविका कचरली तर तुम्ही सोबत जा.

आता आईंचा कप.

तुम्ही लिहिता, 'आईच्या मनात वाईट काही नाही, तिचं सोवळं आहे.' मानतो. पण मग एकच गोष्ट तपासा. मुंबईहून तुमचे बँकेतले मित्र येतात, त्यांची जात आई विचारतात का? त्यांच्यासाठी कुठला कप निघतो? बशीसकट, नक्षीचा, कपाटातला निघत असेल तर मागीलदारचा कप सोवळ्याचा नाही, तो पायरीचा आहे. सोवळं माणूस स्वतःवर घालून घेतं. मी हे खाणार नाही, मी आंघोळीआधी देवाला शिवणार नाही, असं. दुसऱ्याने कशातून प्यायचं हे ठरवणं ही वेगळी गोष्ट. महाडचं चवदार तळं कोकणातलंच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक त्याचं पाणी प्यायले, आणि नंतर सनातन्यांनी ते तळं शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतलं. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती. तुमच्या खुंटीवरचा कप एवढा मोठा नाही असं तुम्ही म्हणाल. आकाराने नाही.

तरीही 84 वर्षांच्या बाईला सुनेदेखत, गड्यादेखत धर्मावर व्याख्यान देऊ नका. नियम आईंनाही लागू आहे. चारचौघांत आपली चूक काढलेली तुम्हाला तरी कुठे चालते? आधी कृती करा. बाजारातून एकसारखे बारा स्टीलचे पेले आणा. पडवीतला, खळ्यातला, मागीलदारचा सगळा चहा त्यातच जाऊ द्या, तुमचाही आणि पोस्टमनचाही. तो कप खुंटीवरून काढा आणि ठेवूही नका. फुटक्या भांड्यांत टाकला तर परत येतो. थोडे दिवस चहा तुम्ही स्वतः न्या आणि पेले तुम्ही स्वतः विसळा. त्याच्या हातून तो पेला न बोलता घेतलात की निम्मं काम झालं. तो सवयीने स्वतःच विसळायला जाईल. पहिल्यांदा जाऊ द्या, दुसऱ्यांदा म्हणा, 'राहू दे, सगळे एकदम घासायचेत.' आईंनी विचारलं तर एवढंच सांगा की भांडी मी घासतो. देवघर आणि त्यांचं स्वतःचं ताट-वाटी यांना हात लावू नका. ते त्यांचं आहे.

एक चूक अशा वेळी हमखास होते. उत्साहाच्या भरात मालक गड्याला थेट माजघरात पाटावर बसवतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. ते त्याच्यासाठी नसतं. त्याला बाहेर पायरीवर बसायचं असेल तर बसू द्या, फक्त पेला तोच असू द्या आणि जमलं तर तुम्हीही पायरीवर बसा.

शेजाऱ्यांकडे येऊ. 'समोरचा तसा वागत नसेल तर' हा तुमचा प्रश्न नियमाचं वाक्य चुकीचं ऐकल्यामुळे पडला आहे. 'तो तुमच्याशी जसा वागतो तसं वागा' असं कोणीच म्हटलेलं नाही. त्याने तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसं, असं ते आहे. पहिली झाली उसनवारी. मीठ दिलं, मीठ आलं. लूकच्या शुभवर्तमानात हा नियम सहाव्या अध्यायात 31व्या वचनात येतो आणि लगेच 32व्यात प्रश्न येतो की जे तुमच्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच केलीत तर त्यात तुमचं काय मोठेपण?

पण म्हणून गडगा सोडून द्यायचा का? नाही. इथे मला चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस जास्त उपयोगी वाटतो. कोणीतरी त्याला विचारलं, अपकाराची फेड उपकाराने करावी का? तो म्हणाला, मग उपकाराची कशाने करणार? अपकाराची फेड सरळपणाने करा, उपकाराची उपकाराने. सरळपणा म्हणजे तुमच्या बाबतीत मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात सातबारा जोडून हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. अर्ज करण्याआधी मात्र स्वतः जाऊन सांगा, 'मोजणी मागवतोय, त्या दिवशी तुम्ही हजर राहा, तुमच्याकडचे जुने कागदही आणा. खर्च निम्मा वाटून घ्यायचा का?' ते नाही म्हणाले तर पूर्ण तुम्ही भरा. नोटीसच पहिली पोचली तर ती शत्रुत्वाचीच वाटते. आणि मोजणीत गडगा तुमच्या बाजूला दोन हात सरकलेला निघाला किंवा त्यांच्या, जे निघेल ते मान्य, हे मोजणीआधी बोलून घ्या. निकाल लागल्यावर ही भाषा कोणाच्या तोंडून निघत नाही. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळाली की एक झेरॉक्स त्यांना द्या.

डबा ही वेगळी गोष्ट. मोजणीच्या बोलण्याच्या दिवशी तो नेऊ नका, लाच वाटेल. त्याकडे शेवटी येऊ.

फलकासाठी तुम्ही जमवलेली वचनं पाहिली. 'सर्व धर्म एकच सांगतात' हा मथळा काढा, कारण ते खरं नाही, आणि त्यांच्यातला फरकच वाचण्यासारखा आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला सांगतो, 'न तत्परस्य संदध्यात् प्रतिकूलं यदात्मनः', म्हणजे स्वतःला जे प्रतिकूल ते दुसऱ्याच्या बाबतीत करू नये. हे 'करू नका'चं रूप. यहुदी धर्मगुरू हिलेलचंही तसंच. यहुद्यांच्या तालमूद या ग्रंथातली गोष्ट अशी की एक माणूस आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तोवर सगळी तोरा शिकव. शम्माय या दुसऱ्या धर्मगुरूने त्याला गवंड्याच्या मोजपट्टीने हाकललं. हिलेलने सांगितलं, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस, ही सगळी तोरा. बाकी भाष्य आहे, जा आणि शीक. फलकांवर बहुतेक 'बाकी भाष्य'पाशी थांबतात. 'जा आणि शीक' गाळू नका. हिलेल कोकणाला परका वाटायचं कारण नाही. अलिबागजवळच्या नवगावला आपली जहाजं फुटली असं सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणजे बेने इस्राएल शतकानुशतकं इथे मराठी बोलत राहिले.

कन्फ्यूशियसला शिष्याने विचारलं, जन्मभर पाळावा असा एक शब्द सांगा. तो म्हणाला, 'शू'. चिनी लिपीत ते अक्षर वर 'सारखं' आणि खाली 'हृदय' अशा दोन चिन्हांचं बनतं. तेच आपलं औपम्य. पुढे त्याने जोडलं ते मात्र नकारार्थी, की स्वतःला नको ते दुसऱ्यावर लादू नये. उलट बायबलमधला मत्तय 7:12 'करा' म्हणतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस त्याहून पुढे जाते आणि मनावर बोट ठेवते: जे स्वतःसाठी आवडतं तेच भावासाठी आवडेपर्यंत तुमच्यातला कोणी खरा श्रद्धावान होत नाही. जैनांच्या दशवैकालिकात सगळे जीव जगू इच्छितात, मरू नव्हे, एवढं साधं निरीक्षण आहे आणि नियम त्यातून निघतो. त्यात माणूस ही अटच नाही. शिखांकडे वचनापेक्षा लंगरची पंगत जास्त बोलते. सगळे एका ओळीत, जमिनीवर, एकाच अन्नाला.

तुमच्या यादीतलं 'आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्' हे गीतेतलं म्हणून लिहिलंत, ते खोडा. ते सुभाषित म्हणून रूढ आहे, गीतेत नाही. त्याखाली 'सुभाषित' एवढंच लिहा, आणि गीतेचं हवं असेल तर 6.32 घ्या. प्रत्येक वचनाखाली ग्रंथ आणि जागा लिहा, म्हणजे एखाद्या पोराला शोधून बघता येईल. मराठी अनुवाद त्या त्या समाजातल्या एका माणसाकडून वाचून घ्या. गावात मशीद आहे, वेंगुर्ल्या-मालवणकडे चर्च आहेत, माणसं मिळतील. मथळा प्रश्नाचा ठेवा: 'त्याच्या जागी मी असतो तर?' आठ वचनांपेक्षा जास्त नकोत. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान इंचभर उंच हवं, आणि पावसाळ्यात जी भिंत पाझरते ती सोडून दुसरी घ्या.

एक हदीस तुमच्या यादीत नाही, ती घाला. सहीह मुस्लिममध्ये आहे. अबू जर या आपल्या सोबत्याला पैगंबर सांगतात, रस्सा शिजवशील तेव्हा पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. मासळीची कढी वाढवायला चार वाट्या पाणी आणि थोडं जास्त वाटण लागतं हे कोकणात कोणाला समजावून सांगायचं?

तर तो डबा. मोजणीचं बोलून झाल्यावर आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. मग एखाद्या साध्या दिवशी, सण नसताना, घासून घेऊन जा. मोदक न्यायचे तर चतुर्थीची वाट पाहावी लागेल, आणि नैवेद्य दाखवलेलं काहीजण खात नाहीत. तेव्हा पुढे कधी मोदक पाठवाल तेव्हा नैवेद्याआधी वेगळे काढलेले पाठवा, आणि तसं सांगा. शिरखुर्मा आला तर त्यात दूध, शेवया, खजूर आणि सुका मेवा असतो. आईंना चालत नसेल तर त्यांना आग्रह नको, तुम्ही खा, पण आलेला डबा त्यांच्या नजरेसमोर दुसऱ्याला देऊन टाकू नका. दोन वर्षांचा उशीर झाला याची माफी एका वाक्यात मागा, गडग्याचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका, बसा म्हणाले तर बसा. डबा मात्र रिकामा नेऊ नका. आमसुलं असतील, घरचे नारळ असतील. त्यात काय घालायचं ते आईंना विचारा, आणि भरायलाही त्यांनाच सांगा.